बोथट घर

"आई, माझ्या डोळ्यातून पाणी येतंय, पण मी रडत नाहीये," असं लेकीने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, तेव्हा आई ओट्याशी पाठमोरी होती आणि नळ बंद करायला तिला उगाच एक क्षण जास्त लागला. लेक पाच वर्षांची. घरात तिला खारू म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे आणि हाती लागेल ते दोन्ही पंजांत धरून कुरतडत बसे. तिच्या आवाजात रडं नव्हतं, तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं. पाऊस नसताना अंगण ओलं दिसावं तसं. आई वळली. खारूने उजवा डोळा मिटून घेतला होता आणि गालावरून ओघळलेला एकच थेंब हनुवटीशी येऊन थांबला होता. अश्रू असे एकट्याने येत नाहीत. डोळ्याच्या आत स्वतःचं असं थोडं पाणी असतं आणि ते बाहेर येण्याचं कारण एकच असतं, डोळ्याला भोक पडणं, हे तिला ठाऊक होतं. आणि ते इतकं चटकन, इतकं नेमकं आठवलं, की तिला त्या ठाऊक असण्याचाच राग आला. इतर कुठल्याही आईने पदर भिजवून डोळा पुसला असता आणि निदान अर्धा तास तरी सुखात घालवला असता.

तिने डोळा पुसला नाही. "हात लावायचा नाही. दोन्ही हातांनी मला धर," एवढंच म्हणाली. डोळ्यावर काहीतरी कडक झाकण हवं होतं, दाब न देणारं. फडताळात कागदी कप होता, पण त्याचं फक्त बूड हवं होतं आणि ते कापायला घरात कात्री नव्हती. म्हणजे होती; बाहेरच्या खोलीत जमिनीवर, दोरी बांधलेल्या खोक्याशेजारी पडली होती, आणि सासूबाई तिच्याकडे विंचवाकडे बघावं तशा बघत उभ्या होत्या. त्या कात्रीने कप कापला गेलाच नसता. तिने तो दातांनी तोडला, उलटा करून डोळ्यावर धरला, चिकटपट्टीने कपाळाला आणि गालाला चिकटवला. "मी आता समुद्री चाचा झाले का?" खारूने विचारलं. "झालीस," ती म्हणाली. मग सासूबाईंकडे वळून, "आई, गाडी बोलवा. ह्यांना फोन करा. आणि हिला काही खायला देऊ नका, घोटभर पाणीसुद्धा नको. भूल द्यावी लागेल." सासूबाईंच्या तोंडून 'काय झालं गं' एवढंही निघालं नाही, आणि एरवी त्यांच्या तोंडून काही निघालं नाही असं कधी होत नसे.

आता ती आणि सासूबाई दवाखान्याच्या लांबट कॉरिडॉरमध्ये बाकावर बसल्या होत्या आणि ऑपरेशन थिएटरचं दोन पाकळ्यांचं दार मिटलेलं होतं. दाराच्या खालच्या अंगाला चाकांच्या पलंगांनी घासून घासून रंग उडाला होता. ती तो उडालेला रंग बघत होती. एकीकडे सासूबाईंचा श्वास, दुसरीकडे पाण्याच्या यंत्राची घरघर. मघाशी एक नर्स झाकलेला ट्रे घेऊन आत निघाली होती, तेव्हा ती उठून तिच्या आडवी गेली होती.

"सिस्टर, सुई कोणती वापरणार?"

"अहो, भूल देतात आधी. तिला कळणारसुद्धा नाही."

"तसं नाही. पसरट टोकाचीच आहे ना? धार फक्त दोन्ही बाजूंना असते ती?"

नर्सने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी सुया करते."

"बरं," नर्स म्हणाली, अगदी खारूला म्हणावं तसं. "तुम्ही थोडं पाणी प्या."

सुया करते, म्हणजे ती सुयांची टोकं आखत असे. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत जखम शिवायला लागतात त्या सुयांची. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी तिला याच्यावर बरंच उलटंसुलटं विचारलं होतं. "त्या सुईला नेढं किती बारीक असेल गं?" "नेढंच नसतं, आई. दोरा मागच्या टोकातच पकडून बसवलेला असतो." "म्हणजे दोरा संपला की सुई टाकायची?" "हो." "भलतीच उधळपट्टी बाई!" पण शेजारीपाजारी त्या अभिमानाने सांगत, की आमच्या सूनबाईंची सुई पापणीच्या केसासारखी आहे, शिंकलात तर सापडायची नाही. ते काही खोटं नव्हतं. डोळ्याचा पांढरा भाग दिसायला एकसंध दिसतो, पण आत तो थरांचा असतो, ओले कागद एकावर एक बसवावेत तसा, आणि सगळे थर मिळून त्याची जाडी नखाहून फारशी जास्त नाही. सुईने त्याच्या निम्म्यातच शिरायचं, आडवं सरकायचं आणि पलीकडून वर यायचं. खाली धार असली तर ती डोळ्याच्या आत उतरते. वर धार असली तर वरचा थर फाडून टाका मोकळा होतो. म्हणून टोक वरून सपाट, खालून सपाट आणि धार फक्त कडांना. जाडजूड पुस्तकाच्या दोन पानांमध्ये हात सरकवावा तशी ती सुई सरकते. त्या कडा किती अंशांत भेटाव्यात, धार कुठे संपावी आणि अंग कुठून गोल व्हावं, यावर तिची कितीतरी वर्षं गेली होती. नवरा म्हणे, "तुझं सगळं करिअर एका शिंकेत उडून जाईल." तेव्हा ती हसली होती. आत्ता त्या पलीकडच्या खोलीत कुणाच्या तरी चिमट्यात असंच एक टोक असणार, आणि तिच्या कामाची आजवरची सगळी पडताळणी ताणून बसवलेल्या पातळ पडद्यावर झालेली होती. खारूवर नव्हे.

खारू पोटात होती तेव्हापासूनच तिला जगाला टोकं दिसू लागली होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली टोकं बघायची, संध्याकाळी घरी यावं तर टेबलाचा कोपरा, छत्रीची काडी, काट्याचे चार दात, सगळं तितकंच मोठं होऊन समोर उभं राही. मूल रांगायला लागलं तशी ती कामालाच लागली. टेबलाच्या कोपऱ्यांवर स्पंज चढले. काटे हद्दपार झाले. सासूबाईंच्या विणायच्या सुया माळ्यावर गेल्या आणि त्यांचा अर्धवट स्वेटर एका बाहीचाच राहिला. सुऱ्या राहिल्या, पण त्यांची धार राहिली नाही. कात्री तर तिने एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात नेऊन, सुयांना टोक काढतात त्याच चाकावर धरून, दोन्ही पात्यांची धार आणि टोकं स्वतःच्या हाताने घालवली होती. चाकावरचा माणूस पोट धरून हसला होता. "बाई, उलटं काम चाललंय!" तिलाही हसू आलं होतं. घरी सासूबाईंचं रोजचं पालुपद होतं, "या घरात टोमॅटो कापायचा म्हणजे आधी त्याची परवानगी घ्यावी लागते." एकदा पाहुण्यांसमोर त्या म्हणाल्या, "आमच्या सूनबाई बाहेर धार लावतात आणि घरात काढतात." सगळे हसले. ती डोळ्यांत तेल घालून खारूकडे बघत होती. ते वाक्य तिच्या कानांवरून गेलं.

आता ते परत आलं. कसं आलं तेही तिला कळलं नाही. ती दाराच्या उडालेल्या रंगाकडेच बघत होती आणि तिच्या मनात कारखान्यातली ती चाचणी सुरू झाली. एका गोल कड्यावर पातळ पडदा ताणून बसवलेला. सुई सावकाश खाली येते. पडद्यावर किती जोर पडतो त्याची रेघ बाजूला उमटत जाते. सुई चांगली असली तर रेघेची एक चिमुकली टेकडी होते आणि उतरते. पडद्याला कळतसुद्धा नाही. टोक बोथट असलं तर पडदा आधी वाकतो, खोलगट होतो, रेघ चढते, अजून चढते, आता काही हे जायचं नाही असं वाटतं आणि तेवढ्यात टप् होतं. मग सुई कुठवर गेली ते सुईच्याही हातात नसतं, धरणाऱ्याच्याही नसतं. इजा धार करत नाही, जोर करतो. ही गोष्ट ती कामावर आलेल्या प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी सांगत असे, आणि सांगताना तिच्या आवाजाला मास्तरी चढत असे. नव्या बुटांच्या खोक्याला दोरी होती. खारूने कात्री दोरीखाली घातली. कापलं गेलं नाही. कुरतडणारी पोर ती, तिने सोडून दिलं नाही. पाती दोरीत अडकवली, वाकली, दोन्ही हातांनी वर ओढलं, अजून ओढलं. रेघ चढत गेली. आणि टप्. कात्री हाताबरोबर सरळ वर आली, जिथे वाकलेला चेहरा होता. धार असती तर दोरी पहिल्याच दाबाला मुकाट्याने तुटली असती, आणि आत्ता ती खारूला नवे बूट घालून बघत बसली असती.

बाकाची कड तिने घट्ट धरली. कुणाला सांगावं, नवऱ्याला, डॉक्टरांना, की त्या चाकावरच्या माणसाला, असं काहीतरी तिच्या डोक्यात गरगरत होतं. शेजारी सासूबाई अचानक बोलल्या.

"कात्री मी दिली तिच्या हातात."

ती उडालेल्या रंगाकडेच बघत राहिली.

"सारखी मागत होती. बूट बघायचे होते. मी म्हटलं, दे झालं, बोथट तर आहे, तिने काय होणार. आणि मी आपली वळले चष्मा शोधायला." त्यांनी नाक ओढलं. "तू मला काहीतरी बोल. गप्प नको बसूस. तू गप्प बसलीस की मला फार भीती वाटते."

"आई, ती बोथट होती म्हणूनच झालं."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. पडदा, टेकडी, जोर, सगळं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि बराच वेळ तो चोळत राहिल्या, जणू भाजलंय. "तू बोथट केलीस आणि मी दिली," त्या म्हणाल्या. "दोघींनी मिळून एकच शहाणपणा केला. आता माझा लेक येईल आणि म्हणेल मीच केलं." आणि खरोखरच, धापा टाकत नवरा जिना चढून आला, त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "ती दोरी मी एवढी करकचून का बांधली? खोका फाटला होता म्हणून... चिकटपट्टी लावली असती तरी चाललं असतं." सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती हसू आवरू शकली नाही. ते हसू कुठून आलं होतं कोण जाणे, पण आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडं आलं, आणि नवऱ्याला वाटलं काहीतरी भयंकर झालंय, तो मटकन खालीच बसला. दार उघडलं ते नेमकं तेव्हा.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, ठेंगण्या. मास्क हनुवटीवर ओढलेला आणि नाकावर त्याचा लाल वळ. "इथे कुणी रडायचं काही कारण नाही," त्या म्हणाल्या. "जखम कडेला होती. पांढऱ्यात जास्त, बुबुळाला जेमतेम लागलेली. आतलं भिंग शाबूत आहे. वेळेवर आणलंत, आणि डोळा दाबला नाहीत हे फार चांगलं केलंत. तो कप कुणी लावला?"

"मी."

"त्याची कड चावल्यासारखी होती."

"चावलीच होती."

डॉक्टरबाईंनी मान हलवली, म्हणजे ठीक आहे, असंही करतात लोक. निघणार तेवढ्यात तिने विचारलं, "सुई कशी गेली?"

"काय?"

"टाके घालताना. सुई. अडखळली का कुठे? डोळा आत दबला का?"

"इतकी वर्षं झाली, हे मला पहिल्यांदाच कुणी विचारतंय. आईबाप विचारतात, दिसेल ना."

"ते विचारायची हिंमत होत नाहीये, म्हणून सुईचं विचारते."

डॉक्टरबाई थांबल्या. हातातली टोपी त्यांनी एकदा उलटी केली, एकदा सुलटी. "सुई," त्या आठवून म्हणाल्या, "सुई काही मला आठवतच नाही हो. जखम आठवते, टाके आठवतात, तिच्या पापणीखाली एक बारीक तीळ आहे तो आठवतो. सुईकडे माझं लक्षच गेलं नाही." आणि तिला वाटलं, आपल्या छातीत इतका वेळ कुणीतरी गुडघा रोवून बसलं होतं ते उठलं. कुठल्या कारखान्यातली सुई होती हे तिने विचारलं नाही. लक्ष गेलं नाही. एवढ्यासाठीच तर इतके अंश, इतक्या कडा, इतक्या दुपारी. मग सासूबाईंनी पुढे होऊन विचारायचं ते विचारूनच टाकलं, "पण दिसेल ना हो तिला?"

"सूज उतरू द्या. आठवड्याने बघू. मला आशा चांगली आहे, पण आज शब्द देत नाही."

तो आठवडा तिला पुढे आठवला तो मुख्यतः उजेडाचा. खिडक्यांचे पडदे तिने उघडे टाकले होते, का ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. डोळ्यावर भोकाभोकांचं प्लास्टिकचं झाकण लावलेली खारू घरभर मालकिणीसारखी फिरे आणि औषधाचा थेंब घालायची वेळ झाली की पलंगाखाली शिरे. नवरा रजेवर होता. पलंगाखाली तोही शिरे आणि दोघांनाही बाहेर ओढायला सासूबाई झाडू घेऊन येत. पहिल्या दिवशी खारूची भूल उतरल्यावर आईला पिंजलेल्या कापसासारखं हलकं वाटलं होतं, जीव भांड्यात पडला म्हणतात तसा. मग भांडं हातात धरून वाट बघत बसायचे दिवस आले. पण ती भीती पहिली नव्हती. पहिल्या भीतीला सगळीकडे टोकं होती, हिला एकच होतं आणि ते कुठे आहे ते माहीत होतं. रात्री ती खारूच्या कुशीवर हात ठेवून झोपे आणि खरोखर झोपे, याचं तिला सकाळी आश्चर्य वाटे. एका दुपारी सासूबाई हातात सुरी घेऊन तिच्यापुढे उभ्या राहिल्या. "कोपऱ्यावर धारवाला बसलाय. जाऊ का?"

"जा. कात्रीही न्या."

"आणि माझ्या विणायच्या सुया?"

"काढते माळ्यावरून."

"टोमॅटो आणते मग," सासूबाई म्हणाल्या आणि चप्पल घालायला लागल्या, इतक्या घाईने, जणू सुनेचा बेत बदलायच्या आत निघायला हवं. संध्याकाळी खारूला ओट्याशी स्टुलावर उभं करून तिने सुरी कशी धरायची ते दाखवलं. बोटं आत दुमडायची, सुरीला ढकलायचं नाही, तिला तिच्या वजनाने जाऊ द्यायचं. तिचा स्वतःचा हात खारूच्या हातावर होता. "आई, तू हलतेयस," खारू म्हणाली. "मला कापू दे ना नीट."

आठवड्याने तिघी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेल्या. नवरा गाडी लावायला खालीच राहिला, म्हणजे गाडी लावून झाल्यावरही राहिला. वर यायचा त्याला धीर होत नव्हता आणि ते कुणी बोललं नाही. खोली लहान होती. भिंतीवर मोठ्यापासून लहान होत जाणारी चित्रं, घर, फूल, मासा, आणि छतातून येणारा सारखा पांढरा उजेड. झाकण निघालं. डोळा लालसर होता, जरा चोरटा, झोपेतून उठवल्यासारखा. डॉक्टरबाईंनी दिव्याने आत बघितलं, "हं," म्हणाल्या, "हं, छान," म्हणाल्या, मग खारूचा डावा, चांगला डोळा एका चपट्या काळ्या चमच्याने झाकून तो चमचा तिच्याच हातात दिला. "आता सांग बघू. समोर काय आहे?"

खारू गप्प.

"बरं, ते राहू दे. माझी बोटं किती?"

खारू गप्प. तिने मान किंचित कलती केली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. सासूबाईंनी सुनेचा दंड पकडला. ती बघत राहिली. ती बघण्यात तरबेज होती, बघण्याचाच पगार घेत होती, आणि इथे बघून काही उपयोग नव्हता. त्या लालसर डोळ्याच्या आतून काय दिसतंय, ते बाहेरून कुठल्याही भिंगाने दिसणार नव्हतं. डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. त्यांचा आवाज बदलला नाही, पण दोन शब्दांमधलं अंतर बदललं. "बाळा, काही दिसतंय का? उजेड? अंधार? काहीही सांग."

"हे बटण काळ्या दोऱ्याने का शिवलंय?" खारूने विचारलं.

खोलीत कुणाला काही कळेना. डॉक्टरबाईंनी सावकाश खाली, आपल्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं.

"बाकीची पांढऱ्याने आहेत," खारू म्हणाली. "हेच काळ्याने आहे. आणि वाकडं पण आहे."

"मीच शिवलं," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांचे कान लाल झाले. "आज सकाळी, घाईत. घरात पांढरा दोरा मिळेना."

"अहो डॉक्टरबाई," सासूबाई म्हणाल्या, आणि शेवटी शेवटी त्यांचा आवाज फुटला, "पोरीचा डोळा असा नाही ना शिवलात?"

आधी डॉक्टरबाईच हसल्या, मोठ्याने, त्या एवढ्याशा खोलीला न शोभेल असं. मग सासूबाई. तिने हसायला म्हणून तोंड उघडलं. भिंतीला पाठ टेकवत ती हळूहळू खाली सरकली आणि खारूच्या स्टुलापाशी फरशीवर बसली. फरशी गार होती. बाहेरच्या जिन्यावर कुणीतरी दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर येत होतं, हसणं खालपर्यंत गेलं असावं.

"हसताय काय सगळे?" खारू चिडून म्हणाली. चमचा तिने अजून डाव्या डोळ्यावर घट्ट धरून ठेवला होता, कारण काढ असं कुणी सांगितलंच नव्हतं. "मी बरोबर सांगितलं की नाही?"

"बरोबर सांगितलंस," ती खालून म्हणाली. "अगदी बरोबर. अजून सांग. अजून काय काय दिसतंय?"

आणि खारू सांगत सुटली, की डॉक्टरच्या पेनाला टोपण नाही, भिंतीवरच्या माशाला एकच डोळा आहे, आजीने दोन पायांत दोन वेगळे मोजे घातलेत, आणि बाबा दारात उभा आहे आणि तो आत का येत नाहीये.